बाईंच्या किल्ल्या

उके सर वर्गात आले की आधी आमच्याकडे बघतच नसत. वर बघत, मग भिंतीकडे. पंखा, ट्यूबलाइटची साखळी, फळ्याशेजारचं कॅलेंडर, खिडकीच्या गजाला कुणी अडकवलेली छत्री, जे जे टांगलेलं असेल त्या सगळ्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरून यायची. त्यातलं काही हलत असलं तर सर दारातच थांबत आणि विचारत, "कोन हालवून राहिलं?" वाऱ्यानं हलतंय म्हणून सुटका नसे. वारा कोणत्या खिडकीतून आला, आणि आला तर छत्री हलली नि कॅलेंडर का हललं नाही, हे सांगावं लागे. गोंदियाच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून शिकवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. घामानं वह्या ओल्या होत, आणि आम्ही मनातल्या मनात सरांना शिव्यांची लाखोली वाहत असू.

शहराबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलला होते. तिसऱ्या वर्षाला सर 'सिस्टीम डायनॅमिक्स' शिकवत. एखाद्या गोष्टीला धक्का दिला की ती किती हलते, किती वेळ हलते आणि केव्हा शांत होते, याचा हा विषय. इतकं सरळ सांगितलं तर कुणालाही कळेल. पण पुस्तकात ते दीड वितीच्या समीकरणांत लिहिलेलं असे. या विषयात पास होणं नशिबात असतं आणि तो समजणं पूर्वजन्मीच्या पुण्यात, असं वरच्या वर्गातली मुलं आम्हाला घाबरवून सांगत.

पहिल्या तासाला सरांनी खडूला हात लावला नाही. मला उभं केलं. ते सगळ्यांना आडनावानंच हाक मारत.

"कापगते, गाव कोनतं?"

"अर्जुनीकडचं, सर."

"म्हंजे इटियाडोह धरनाच्या पान्यावरची. वावर नहराच्या टोकाले का?"

"हो, अगदी टोकाला."

"मंग सांग. धरनाचं गेट उघडलं. पानी तुमच्या बांधीत लगेच येते का?"

"नाही सर. काही दिवस लागतात."

"तोवर तुझे बाबा का करतेत?"

मी खरं तेच सांगितलं. "ऑफिसात जाऊन भांडतात. गेट अजून उघडा म्हणतात."

"आन् मंग?"

"मग सगळं पाणी एकदम येतं. बांधीच्या कडेचे मातीचे धुरे फुटतात. मग बाबा पुन्हा भांडायला जातात, बंद करा म्हणून."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "हासून नका राहू. हाच विषय आहे सालभर. सिस्टीम खोटं बोलत नाई, उशिरा बोलते. ज्याले थांबता येत नाई, थो आपलाच धुरा फोडते." त्या रविवारी घरी गेले तेव्हा मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मास्तरला म्हणावं, धानाची रोवणी सुकताना बघून दाखव थांबून. मी हे सरांना येऊन सांगितलं, तर सर कधी नव्हे ते मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "बाप बरोबर आहे तुझा."

असे होते सर. शिडशिडीत, काळेसावळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बोलताना शब्द मोजूनमापून. समीकरण सोडवून झालं की त्यातून माणूस बाहेर काढून दाखवत. "धक्का बसला त हालनारच. त्यात लाज कायची? हालनं थांबत काऊन नाई, थे पाहा. डॅम्पिंग कमी आहे." डॅम्पिंग म्हणजे हलणाऱ्या वस्तूचा जोर हळूहळू खाऊन टाकणारी गोष्ट. ते सांगताना सर आपला तळहात टेबलावर ठेवून क्षणभर गप्प उभे राहत. टेबलातून काहीतरी येतंय आणि ते त्यांनाच कळतंय, असं वाटे. पहिल्या बाकावर बसून ते बघताना मला नकोसं व्हायचं.

सरांबद्दल कॉलेजात एक कुजबुज होती. दरवर्षी उन्हाळा लागायच्या सुमाराला ते तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याला फुलचूरच्या आपल्या घरी बोलवत आणि तिथला एक प्रश्न सोडवायला देत. ज्यांनी तो सोडवला, त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळत. पण प्रश्न काय होता, हे कुणी सांगत नसे. वरच्या वर्गातल्या एका दादाला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "अरे छोड ना, कुछ नहीं था," आणि विषय बदलला. त्या वर्षी सरांनी माझं आडनाव घेतलं.

मी गेले ती टळटळीत दुपार होती. फुलचूरचा तो रस्ता चिटपाखरूही नसल्यासारखा पडला होता. घर छोटं, दोन खोल्यांचं. मागे एक मोकळा प्लॉट आणि त्यापलीकडे राइस मिलच्या टिनाच्या भिंती. एकट्या माणसाच्या घरी मुलगी येणार, म्हणून सरांनी शेजारच्या बिसेनकाकूंना ओसरीवर बसवून ठेवलं होतं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. सर बाहेर आले तसा त्यांनी पदर डोक्यावर घेतला. सर त्यांच्याहून वयानं लहान, तरी मास्तर म्हणून काकू त्यांच्यासमोर नेहमीच पदर घेत.

आतल्या दाराशेजारी भिंतीत खिळे होते. सात-आठ तरी असतील, सगळे एका ओळीत. पहिल्यावर लांब साखळीचा एक किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्यावर सरांच्या किल्ल्या, आखूड कडीतल्या. बाकीचे खिळे रिकामे. एवढ्या खिळ्यांचं सर काय करतात, असं मनात आलं, पण विचारलं नाही.

"थो लांब साखळीचा जुडगा आमच्या बाईचा," सर म्हणाले. त्यांच्या पत्नी सालेकशाकडच्या एका गावात शाळेवर होत्या. सारं गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून सरही बाईच म्हणत. पहाटेच्या बसनं जात, सकाळची शाळा करून दुपारी परत येत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात मलेरिया गेला आणि पाहता पाहता त्या गेल्या. सरांनी हे कोरड्या आवाजात सांगितलं, फळ्यावर 'समजा' म्हणून लिहावं तसं. मग म्हणाले, "बस. पाहत राय."

मी बसले. काकूंच्या सुपाचा आवाज तेवढा येत होता. सरांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, पंखा बंद. बराच वेळ काहीच झालं नाही. मग साखळीच्या टोकाची सगळ्यात छोटी किल्ली थरथरली. तिच्यामुळे शेजारची. आणि बघता बघता तो अख्खा जुडगा डावीकडे-उजवीकडे झुलायला लागला, बारीक किणकिणत. कुणीतरी उन्हातून आलं, किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि आत पाणी प्यायला गेलं, की त्या जशा झुलतात, अगदी तशा. शेजारच्या सरांच्या किल्ल्या ढिम्म होत्या. माझ्या मानेवर घाम होता, तो गार पडला.

काकू सुपातून मान न काढता म्हणाल्या, "बाई याच टायमाले येत होती. पावसाऱ्यात नाई येत. तिकडे नाल्याले पूर राहते, गावातच मुक्काम करत होती ना ते."

"माह्या चाब्या कधी हालत नाईत," सर म्हणाले. "काऊन तिच्याच हालते? इनपुट शोध, कापगते, धक्का कुठून येते थे. आधी इनपुट शोधाचं, मंग देव, मंग भूत. आन् मले खरं उत्तर पाहिजे."

पुढे कितीतरी दुपारी मी तिथे गेले. पहिल्यांदा भीती, मग चीड आणि मग त्या प्रश्नाचं वेडच लागलं. दाराच्या फटीत कापडं कोंबली. मांजर, उंदीर, घुशी सगळे तपासले. रेल्वे लांबून जाई, पण तिच्या वेळा जुळेनात. किल्ल्या हातानं थांबवल्या तर पुन्हा हलू लागत, आणि त्या थांबवताना बोटांना जी हलकी ओढ जाणवे, ती मला मुळीच आवडत नसे. एकदा तहान लागली म्हणून काकूंनी स्टीलच्या पेल्यात पाणी आणून माझ्याजवळ जमिनीवर ठेवलं. किल्ल्या झुलत होत्या. मी पेल्याकडे बघितलं तर पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती, किल्ल्यांच्याच तालात.

मग उलगडायला वेळ लागला नाही. मागच्या मिलमध्ये गेले. तिथे तांदळातून न सोललेलं धान वेगळं करणारी एक भलीमोठी चाळणी होती, पाळण्यासारखी एका संथ तालात हेलकावणारी. सकाळी धान साफ करून घेत आणि कामगारांची जेवणं झाली की ती सुरू करत. पावसाळ्यात मिल बंद. तिचा ताल जमिनीतून भिंतीत येई. प्रत्येक टांगलेल्या वस्तूला तिच्या लांबीप्रमाणे स्वतःचा ताल असतो. बाईंच्या साखळीचा ताल चाळणीशी नेमका जुळत होता, सरांच्या आखूड किल्ल्यांचा नव्हता. मी साखळीला गाठ मारून ती आखूड केली, किल्ल्या थांबल्या. तेवढ्याच लांबीचा दुसरा जुडगा करून शेजारी टांगला, तोही झुलायला लागला. तो टांगण्याआधी, नवा खिळा ठोकावा लागेल म्हणून हातोडी मागायला निघाले होते, आणि लक्षात आलं की खिळे आहेतच.

एका ओळीत, रिकामे. माझ्याआधी येऊन गेलेल्या प्रत्येकानं हाच प्रयोग करताना ठोकलेला, प्रत्येक वर्षाचा एक.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बरोबर. पूर्ण मार्क." मग उठून साखळीला मी मारलेली गाठ सोडवली. ती त्यांनी नखांनी इतक्या हळू सोडवली की मला राहवलं नाही.

"सर, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"पयल्याच साली."

"मग दरवर्षी कशाला शोधायला लावता?"

सर खिळ्यांकडे बघत राहिले. ओसरीवर काकूंचं सूप थांबलं होतं. "वाटते," सर म्हणाले, "एखादं पोट्टं येईल, सारं तपासून पाहील, आन् म्हनेल, सर, कारन नाई सापडलं."

मी तेव्हा विशीतली मुलगी. मला रडू आलं. म्हणाले, "सर, मी तसं लिहून देऊ का?"

"खोटं लिहिशील त शून्य देईन," सर म्हणाले. आणि ते देणार, हे मला माहीत होतं. कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मीही म्हणाले, काही नव्हतं गं, छोटासा प्रॉब्लेम होता.

शिक्षण संपलं, नागपूरला धान गिरण्यांची यंत्रं बसवणाऱ्या एका फर्ममध्ये लागले. सरांची विद्या अशी पोटाला लागली. काही वर्षांनी फुलचूरच्या त्याच मिलकडून बोलावणं आलं. आसपासच्या घरांच्या भिंतींना तडे जात होते, लोकांनी तक्रार केली होती, आणि चाळणीखाली रबराचे पॅड बसवून तिचा हादरा जमिनीत जाण्यापासून अडवायचा होता. काम सोपं होतं. मी मिलमध्ये जायच्या आधी सरांकडे गेले. ते खूप म्हातारे दिसायला लागले होते. मी कशाला आले आहे ते सांगितलं, आणि म्हणाले, "सर, तुम्ही नको म्हणा. मी दुसरं काहीतरी कारण देऊन काम सोडून देते."

"कायले?"

मी किल्ल्यांकडे बघितलं. दुपार होती, त्या झुलत होत्या.

"बिसेनबाईच्या सैपाकघराची भिंत पाहली का? हात जाते तड्यात. आपल्या एका चाबीसाठी तिच्या अंगावर भिंत पाडाची का?" सर चिडलेच. "तक्रारीवर पयली सही माही आहे. जा, बसव पॅड."

मी बसवले. नीट बसवले. काम झाल्यावर सरांच्या घरी आले तर सर खुर्ची घेऊन किल्ल्यांसमोर बसले होते. चाळणी जोरात चालू होती, तिचा आवाज येत होता, पण जमिनीतून काहीच येत नव्हतं. किल्ल्यांचा झोका उतरत चालला होता. "पाह, कशा सुंदर उतरून राहिल्या," सर म्हणाले, वर्गातल्याच आवाजात. "पुस्तकातल्यासारखी वक्ररेषा." शेवटी ती सगळ्यात छोटी किल्ली तेवढी थरथरत राहिली. मग तीही थांबली. सर म्हणाले, "झालं." मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले, कारण तिथे बसवेना. आयुष्यात मी इतकं चोख काम केलं नाही, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नाही.

त्यानंतर सर निवृत्त झाले. फोनवर बोलत, पण किल्ल्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मिल पुढे तोट्यात जाऊन बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, टिनाच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. मग एका सकाळी काकूंचा फोन आला. सरांना रात्री छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. मला सुट्टी मिळेपर्यंत अंत्यविधी होऊन गेला. मी पोचले ती काही दिवसांनंतरच्या जलदानविधीला. विहारातले लोक, सरांचे एक पुतणे, काही जुने विद्यार्थी. कार्यक्रम काकूंच्या अंगणात होता, कारण सरांचं घर तेव्हापासून बंदच होतं.

लोक जेवून गेल्यावर काकू माझ्याजवळ आल्या. "पोरी, जरासी मास्तरच्या घरात चाल. मले एकटीले भेव लागून राहिलं."

सरांच्या घराची एक जादा किल्ली काकूंकडे असे. त्यांनी कुलूप उघडलं. आत कोंडलेली गरम हवा होती, खिडक्या बंद. सरांच्या किल्ल्या दवाखान्यातून काकूंनीच परत आणून त्यांच्या खिळ्यावर अडकवल्या होत्या, आणि तेव्हापासून घरात कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. आम्ही आत गेलो. काकूंनी माझा दंड धरला.

बाईंच्या किल्ल्या झुलत होत्या. आणि शेजारच्या खिळ्यावर, इतक्या वर्षांत एकदाही न हललेल्या, सरांच्या आखूड किल्ल्याही झुलत होत्या. दोन्ही जुडगे एकाच वेळी डावीकडे जात, एकाच वेळी उजवीकडे येत. लांब साखळी आणि आखूड कडी एका तालात झुलू शकत नाहीत. हे मला सरांनीच शिकवलं होतं.

मी काय करायचं ते केलं. दार उघडल्यानं हवा हलली असेल, म्हणून दार लावून घेतलं आणि थांबले. झोका उतरला नाही. पंखा पाहिला, वीज मेन स्विचमधूनच बंद होती. फटींना हात लावून पाहिला. मागचं दार उघडून मिलकडे बघून आले. रिकाम्या शेडमध्ये शेळ्या बसल्या होत्या. रस्त्यावर गाडी नव्हती, रेल्वेचा आवाज नव्हता. भिंतीला तळहात लावला, सर टेबलाला लावत तसा. भिंत मेल्यासारखी गप्प होती. शेवटी काकूंना पेलाभर पाणी आणायला सांगितलं आणि तो किल्ल्यांच्या खाली जमिनीवर ठेवला. आम्ही दोघी त्याच्याजवळ खाली बसलो. पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होता. त्यात दोन्ही जुडगे झुलताना दिसत होते.

"का सापडलं?" काकूंनी हळूच विचारलं.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते आनंदासारखं होतं. खरं उत्तर पाहिजे, असं सर म्हणाले होते. मी पुन्हा एकदा मनात सगळं तपासलं, एकही गोष्ट सुटली नाही ना, ते पाहिलं. मग तोंडी परीक्षेला उभी राहायचे तशी उठून सरळ उभी राहिले आणि खिळ्यांच्या ओळीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "सर, कारण नाही सापडलं."

शेजारी बसलेल्या काकूंनी घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला.